नातीचा तंबोरा

आमच्या धाकट्या नातीस तंबोरा घेऊन द्यावयाचा की नाही, या प्रश्नावर गेल्या चैत्रात आमच्या घरात दोन तट पडले. चिरंजीवांचे म्हणणे असे की, विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी घरात आहेच. ती सुरातून ढळत नाही, जागा अडवीत नाही आणि तिला फुटण्याचे भय नाही. हे मुद्दे खोडून काढण्याजोगे नव्हते. परंतु मुलीस स्वतःच्या हाताने तंबोरा जुळविता आलाच पाहिजे, असे तिच्या गाण्याच्या बाईंनी निक्षून सांगितले. तेव्हा आम्ही नातीस घेऊन मिरजेस गेलो.

मिरजेस हा धंदा आला तो शस्त्रांच्या वाटेने. इंग्रजी अंमलात तलवारीचे काम सरत चालले, तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगार गृहस्थांनी वाद्यांच्या दुरुस्तीस हात घातला आणि पुढे नवी वाद्ये घडविली. त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. पाणिनीस हा तद्धित प्रत्यय सापडला नसता, पण मिरजेस तो शोभतो! खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले व १९३७ साली वारल्यावर येथील दर्ग्याच्या आवारात विसावले. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले.

दुकानात शिरताच आम्ही भिंतीशी उभ्या असलेल्या सर्वांत थोर तंबोऱ्याकडे बोट दाखविले. वृद्ध कारागीर हसून म्हणाले, "मास्तर, आधी ताईंना सा लावू द्या. भोपळा मागाहून बघू." नातीने काळी चारचा षड्ज लावला. तेव्हा कळले की, आम्ही दाखविलेला तंबोरा पुरुषी आवाजाचा होता. बायकी पट्टीस दांडी आखूड, भोपळा लहान आणि तारा बारीक लागतात. चाळीस वर्षे शाळेत शिकविलेल्या माणसास हा धडा नातीदेखत मिळाला.

भोपळा भीमेच्या काठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडील. तो कडू असल्यामुळे स्वयंपाकाच्या कामाचा नव्हे. पुरता वाळला म्हणजे त्याचे तोंड कापून, भिजवून व आतून खरवडून त्यास आकार देतात. त्यावर लाकडी गळा, दांडी व तबली बसते. मग नक्षी व रोगण. पूर्वी शोभेस हस्तिदंत वापरीत. त्याच्या व्यापारास कायद्याने बंदी झाल्यापासून इतर पदार्थ आले.

परंतु तंबोऱ्याचे सारे मोल घोडीत आहे. तिचा माथा सपाट दिसला तरी त्यास सूक्ष्म उतार असतो. तार तेथे एका बिंदूवर न टेकता त्या उतारास स्पर्श करीत कंप पावते; तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकविला की नाद खुलतो. यालाच जवारी म्हणतात. वास्तविक तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा विरामबिंदू येतो, ते उपस्वर निघू नयेत, असा नियम. तंबोऱ्यात मात्र ते निघतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. कारागिरांनी तो निबंध वाचला नव्हता. ते कानसीचे दोन हात मारीत, तार छेडीत, डोळे मिटीत आणि पुन्हा कानस उचलीत.

दोन महिन्यांनी तंबोरा न्यावयास गेलो, तेव्हा या एका कामात अख्खी दुपार गेली. शेवटी पंचम, दोन जोडाच्या तारा व खर्ज अशा चारही मिळाल्या. नात एकाएकी म्हणाली, "आजोबा, यात गंधार कुठून आला?" गंधाराची तार तर नव्हतीच. तो खर्जाच्या उपस्वरांतून उमटला होता. कारागिरांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "ऐकू आला ना? मग झालं काम."

आम्ही व्यवहाराचे विचारले, "ही जवारी किती दिवस टिकेल?" ते म्हणाले, "तारेनं घोडी झिजते, मास्तर. वाजवाल तशी उतरेल. मी आहे तोवर घेऊन या." मुलगा पुण्यास कचेरीत आहे, पुतण्या कानस धरावयास शिकतो आहे, पण अजून धागा कोठे बसवावा याचा त्यास अदमास येत नाही, असेही त्यांनी सांगितले. त्यावर काय बोलावे हे आम्हास सुचले नाही. तो पुतण्या कोपऱ्यात बसून एका जुन्या घोडीवर हात बसवीत होता; चुलत्यांनी त्यास हाक मारून आमचा तंबोरा छेडावयास लावला.

ज्या वाचकांस तंबोरा करवून घ्यावयाचा असेल, त्यांनी गाणाऱ्यास बरोबर न्यावे आणि दोन-तीन महिन्यांची सवड ठेवावी. घोडी घासली जात असता घाई मुळीच करू नये.

नात आता रोज पहाटे तंबोरा जुळविते. आरंभी अर्धा तास लागे आणि एक तारही तुटली. त्या दिवशी चिरंजीव काही बोलले नाहीत, हे आम्ही ध्यानात ठेविले आहे. परवा ते चहाचा पेला हाती घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभे होते. "तो गंधार म्हणतेस तो कोणता?" त्यांनी विचारले. तिने त्यांस खाली बसविले व खर्जाची तार एकटीच छेडली. पेटी अद्याप घरात आहे. प्रवासात ती सोयीची पडते.