श्वासाचे माप

दूध मापाने मोजतात आणि कापूस काट्यावर तोलतात. पण आपल्या छातीत किती हवा मावते, हे कसे मोजायचे?

शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लीटर हवा आत घेतो. खूप खोल श्वास घेऊन तो जोराने सोडला, तर निरोगी तरुण पुरुषाच्या फुप्फुसांतून चार ते पाच लीटर हवा बाहेर पडते. तरीही सुमारे एक लीटर हवा आत राहतेच. त्यामुळे फुप्फुसे पूर्ण मिटत नाहीत.

इंग्लंडमधील डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली या मापनाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी पाण्यात एक भांडे पालथे ठेवले. नळीतून फुंकले की हवा भांड्यात शिरे आणि भांडे वर उचलले जाई. ते किती उचलले गेले, यावरून हवेचे माप कळे. या यंत्राला 'स्पायरोमीटर' म्हणतात.

आज हे यंत्र छोटे झाले आहे. नाकाला चिमटा लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने फुंकायचे. एकूण किती हवा निघाली आणि पहिल्या सेकंदात किती निघाली, हे यंत्र सांगते. निरोगी तरुणाची तीन चतुर्थांशांहून अधिक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर येते. श्वासनळ्या अरुंद झाल्या असतील, तर ती हळूहळू निघते. वय, उंची आणि स्त्री-पुरुष हा भेद लक्षात घेऊन डॉक्टर या आकड्यांचा अर्थ लावतात.

आपल्या खानदेशात याचे महत्त्व मोठे आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कापूस पिकतो. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करताना बारीक धूळ उडते. वर्षानुवर्षे ती श्वासातून आत गेली, तर 'बिसिनोसिस' नावाचा रोग होऊ शकतो. आठवड्याच्या सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. सुरुवातीला हा त्रास दुसऱ्या दिवशी कमी होतो. म्हणून कामगार तिकडे दुर्लक्ष करतो. पुढे तो त्रास कायमचा होऊ शकतो.

"मला चालताना दम लागत नाही, मग तपासणी कशाला?" असे तुमचे अब्बा किंवा मामू विचारतील. त्यांना सांगा, रोजच्या हालचालींना थोडीच हवा पुरते. म्हणून फुप्फुसांची ताकद कमी झाली, तरी बरेच दिवस ते जाणवत नाही. यंत्राला मात्र ते आधी कळू शकते.

अर्थात, फुंकून धूळ कमी होत नाही. त्यासाठी कारखान्यात धूळ ओढून घेणारे पंखे हवेत. पण ताप मोजायला आपण थर्मामीटर लावतो ना? मग धुळीत राबणाऱ्याच्या श्वासाचेही माप वेळेवर घ्यायला हवे.