बापाचं पाप पोराच्या माथी?

पूर्वजांच्या पापाची शिक्षा आपण भोगायची का? बायबलमधला संदेष्टा यहेज्केल 18व्या अध्यायात रोखठोक सांगतो: नाही. काळ इ.स.पू. 6व्या शतकाचा. बाबेलमध्ये बंदिवासात पडलेल्या यहुदी लोकांची एक म्हण होती. आंबट द्राक्षं वाडवडिलांनी खाल्ली आणि दात आंबले ते मात्र पोरांचे, अशा अर्थाची. ही म्हण आता पुरे, असं तो ठणकावतो आणि तीन पिढ्यांचा दाखला देतो. आजोबा सज्जन. मुलगा लुटारू, व्याजखोर. नातू बापाचे धंदे बघत वाढतो, पण त्या वाटेला जात नाही. भुकेल्याला जेवू घालतो, उघड्याला वस्त्र देतो. नातू वाचतो. बापाला आजोबांची पुण्याई कामी येत नाही. नातवाने सगळं पाहिलेलं होतं, ही बारीक नोंद मला फार मोलाची वाटते.

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 25व्या अध्यायात येशू अंतिम न्यायाचं चित्र रंगवतो, तिथेही कसोटी हीच: अन्न, पाणी, वस्त्र. मग आदामाच्या मूळ पापाचं, म्हणजे पहिल्या माणसाचं पाप सगळ्यांना वारशाने मिळतं या शिकवणीचं काय? ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पक्की केलेली ती शिकवण यहेज्केलच्या म्हणण्याशी कशी जुळवायची, यावर ख्रिस्ती पंडितांचा वाद जुनाच आहे. त्यात शिरण्याआधी यहेज्केलचा हा अध्याय जरूर वाचा, अवघी 32 वचनं आहेत.