‘लाईन बंद आहे’ : घरातील मुख्य वीजफलकाच्या स्थलांतराविषयी

शब्दाची अनेकार्थता हा भाषाभ्यासकाच्या नित्य परिचयाचा विषय होय. सामान्य व्यवहारात श्रोत्याने शब्दाचा भलता अर्थ घेतला, तरी पुढील वाक्यात दुरुस्तीस वाव राहतो. वीजकामात तो राहत नाही. घरातील मुख्य वीजफलक एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेणे हे असेच एक काम आहे. ते नियमानुसार कसे व्हावे आणि त्यात नेमके बोलणे का अगत्याचे ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या काठी वसलेले कारधा हे गाव घेऊ. येथे नदीची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर मानली जाते. २०२० च्या ऑगस्टअखेर आलेल्या महापुरात भंडारा शहरात व काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा गावी मुख्य फलक खालच्या भिंतीवरून उंच नेण्याचा विचार गृहस्थाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तो विचार योग्यही आहे. प्रश्न आहे तो कृतीच्या रीतीचा.

ज्याला आपण सरसकट ‘बोर्ड’ म्हणतो, त्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली, बाहेरून आलेली तार, तिचा फ्यूज व मीटर. हा भाग वीजपुरवठादाराचा, म्हणजे आपल्याकडे महावितरणचा. दुसरी, मीटरनंतरची मुख्य कळ, जिला घरोघरी ‘मेन’ म्हणतात. तिसरी, खोल्याखोल्यांचे परिपथ जिथून फुटतात ती वितरणपेटी. जुन्या घरांत हे सारे एकाच लाकडी फळीवर बसविलेले असे. त्यामुळे नावही एकच पडले आणि फळीवरील मालकीची सीमारेषा नजरेआड झाली.

‘लाईन’ या शब्दाची कथा याहून गंभीर आहे. ‘लाईन गेली’ म्हणताना गृहिणीला वीजपुरवठा अभिप्रेत असतो. ‘या तारेत लाईन आहे’ म्हणणारा कारागीर फेजच्या तारेविषयी बोलत असतो. ‘लाईनवर काम चालू आहे’ या वाक्यात तोच शब्द खांबांवरील तारांचा वाचक होतो. आता फलक हलविताना ‘लाईन बंद आहे ना?’ असे कोणी विचारले आणि घरच्याने मेन खाली ओढून ‘हो’ म्हटले, तर दोघेही प्रामाणिक असूनही कारागिराचे प्राण संकटात येतात. मेन बंद केल्याने तिच्या पुढील तारा मृत होतात; मीटरपासून मेनपर्यंतच्या तारांत २३० व्होल्टचा दाब कायम असतो. फलक हलविताना हात नेमका याच तारांना लावावा लागतो. उलटपक्षी, खांबावरून पुरवठा खंडित झाला तरी घरात इन्व्हर्टर असल्यास काही परिपथ जिवंतच राहतात.

विद्युतसीमेशी कायद्याची सीमाही येथे मिळते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३८ अन्वये परवानगीवाचून मीटर तारेस जोडणे वा तारेपासून सोडविणे हा दंडनीय अपराध आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. यास्तव मीटर हलवावयाचा असल्यास महावितरणकडे अर्ज करणे ही पहिली पायरी होय. मीटरनंतरचे कामही कोणीही करावे असे नाही. दिवा, पंखा वा कळ बदलणे यांसारखी किरकोळ कामे वगळता मांडणीतील फेरबदल शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावेत, असा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होता. त्या नियमांची जागा २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, तरी दंडकाचे तत्त्व टिकून आहे.

नव्या जागेची निवड करताना दोन गरजांचा मेळ घालावा लागतो. पूररेषेचा विचार फलक वर नेण्यास सांगतो. तर रूढ संकेतानुसार तो जमिनीपासून सुमारे २ मीटरहून उंच नसावा, कारण संकटसमयी कळीपर्यंत हात पोचला पाहिजे. पूर्वी पाणी याहूनही वर चढले असेल, तर त्याच भिंतीवर फलक छताला भिडविणे हा उपाय नव्हे; तो वरच्या मजल्यावर किंवा उंच जोत्याच्या भागात न्यावा. स्नानगृह, शौचालय व स्वयंपाकघर वर्ज्य. शेगडीवरची वा मोरीवरची भिंतही वर्ज्य. वितरणपेटी दूर गेली, तरी पुरवठा जेथे सुरू होतो त्या बिंदूजवळ, सहज चालविता येईल अशी आणि फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारी कळ राहिलीच पाहिजे. अन्यथा मीटर ते पेटी ही लांबलेली तार घरातून बंदच करता येणार नाही.

पेटी हलली की जुन्या तारा अपुऱ्या पडतात. त्यांना पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून भिंतीत पुरणे हे आगीला आमंत्रण होय. शक्य तेथे अखंड नवी तार ओढावी. जोड अपरिहार्य असेल तर तो उघडून पाहता येईल अशा पेटीत, योग्य जोडणीसाधनाने द्यावा. वाढीव तार मूळ तारेहून बारीक नसावी. अर्थिंगची तार प्रत्येक परिपथासोबत अखंड न्यावी. न्यूट्रललाच अर्थ मानण्याची सवय घातक आहे. न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या अंगावर दाब येतो. पुरात भिजलेले खंडक पुसून पुन्हा बसवू नयेत, नवेच घ्यावेत. ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारा आर.सी.सी.बी. याच वेळी बसविणे श्रेयस्कर.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा : महावितरणच्या कर्मचाऱ्याने मीटरच्या मागून पुरवठा तोडावा, इन्व्हर्टर अलग करावा, दाबमापकाने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ व न्यूट्रल-अर्थ या तिन्ही जोड्या तपासाव्यात, आणि तो मापक स्वतः ठीक आहे याची खात्री तपासणीपूर्वी व नंतर जिवंत तारेवर करून घ्यावी. काम संपल्यावर अर्थिंगचे सातत्य, तारांची योग्य जोडणी आणि ५०० व्होल्टवर किमान १ मेगओहम विद्युतरोध पाहावा. त्यानंतरच पुरवठा पूर्ववत करावा. तारजोडणी व भूसंपर्कन यांसाठी अनुक्रमे आय.एस. ७३२ व आय.एस. ३०४३ ही भारतीय मानके प्रमाण आहेत.

‘लाईन’ हा शब्द व्यवहारातून काढून टाकावा, असे येथे सुचवावयाचे नाही; तसे घडणारही नाही. मात्र फलकापाशी उभे राहून बोलताना ‘लाईन बंद आहे’ हे वाक्य अपुरे समजावे. कोठून कोठपर्यंत बंद आहे, ती कोणी बंद केली आणि कशाने तपासली, या तीन प्रश्नांची उत्तरे शब्दांत मिळाल्याखेरीज पेचकस हाती घेऊ नये.