जडशीळ ॲम्प दुरुस्तीला नेताना

माळ्यावरचा किंवा शोकेसमधला जुना ॲम्प्लिफायर उचलायला गेलं की पहिला धक्का वजनाचा बसतो. पायोनियरचा १९७८ सालचा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर सुमारे ३५ किलोंचा आहे. ‘एवढं धूड म्हणजे भक्कमच असणार’ असं मनाशी धरून लोक तो रिक्षात घालतात आणि नुकसान तिथूनच सुरू होतं.

यातलं बरंचसं वजन एकट्या ट्रान्सफॉर्मरचं. लोखंडी गाभा, त्यावर तांब्याची तार, आणि बऱ्याचदा हा ऐवज मधोमध नसून एका बाजूला. गोल, म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर तर अनेकदा चेसिसच्या पत्र्यावर मधल्या एकाच बोल्टने आवळलेला असतो. खोकं टेम्पोतून फूटभर उंचीवरून आपटलं तर वरून ओरखडाही दिसत नाही. आत मात्र पत्रा वाकतो, बोल्ट तिरका होतो, शेजारच्या पीसीबीला तडा जातो. एक चॅनेल बंद म्हणून पाठवलेला ॲम्प पूर्ण मुका होऊन पोचतो आणि बोल मेकॅनिकला लागतो.

थर्माकोल खच्चून भरलं की झालं, हाही भ्रमच. एवढ्या वजनाखाली ते पहिल्याच दणक्यात तुटतं आणि पुढच्या दणक्याला आत काही उरत नाही. कुरिअरनेच पाठवायचं असेल तर खोक्यात खोकं, मध्ये सगळीकडून घट्ट फोम, आणि वीस किलोंच्या वर प्लायवूडची पेटी. ‘हँडल विथ केअर’चा स्टिकर वाचत बसायला हमालाला वेळ नसतो. त्यापेक्षा आपली गाडी बरी, पण सीटवर नको, ब्रेक मारला की घसरतो. उचलायला दोघे हवेत. एकट्यावर वेळ आलीच तर जड बाजू अंगाशी धरावी आणि बटणांना हात लावू नये.

मुळात न्यायची गरज आहे का, हे आधी पाहावं. ‘प्रोटेक्शनचा दिवा लागला म्हणजे ॲम्प गेला’ असं सर्रास म्हणतात. ॲम्प बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायर काढा आणि पुन्हा चालू करा. रिलेचा ‘टक्’ आवाज आला आणि दिवा विझला, तर दोष बहुधा वायरीत किंवा स्पीकरमध्ये. मागच्या टर्मिनलवर तारेचा एखादा केस दुसरीकडे टेकलेला असतो. पंचवीस किलो जिन्यावरून उतरवायचे वाचतात. हा प्रयोग व्हॉल्व्हच्या ॲम्पवर मात्र करायचा नाही. तो स्पीकर न जोडता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

‘प्लग काढलाय, आता झाकण उघडायला काय हरकत?’ हरकत आहे. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तो ३०० ते ५०० व्होल्टपर्यंत असू शकतो. हलक्या डिजिटल ॲम्पला कमी लेखू नये. त्यातला एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड पॉवर सप्लाय, घरातल्या २३० व्होल्टपासून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार करतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणं ही मर्दुमकी झाली, पद्धत नव्हे. जाणकार रेझिस्टर लावून चार्ज उतरवतो आणि मीटरने खात्री करतो. ज्याच्याकडे मीटर नाही त्याने झाकणाच्या नादी लागू नये.

‘दहा वर्षं बंद होता, लावून तर पाहू’ हे सगळ्यांत महागात पडतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर वापराविना कमजोर होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की कपॅसिटर गरम होतो, फुगतो, कधी फुटतोही. म्हणून चांगला मेकॅनिक सिरीज बोर्डवर ॲम्प लावतो. ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब वाटेत जोडलेला असतो. एलईडी इथे चालत नाही. बटण दाबताच बल्ब भक्कन पेटून हळूहळू मंदावला तर बरं लक्षण. तसाच लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने ॲम्पवरचं संकट स्वतःवर घेतलेलं असतं. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून जाडा फ्यूज बसवणारे नेमकं हेच संरक्षण काढून टाकतात.

अमेरिकेहून भावाने किंवा लेकीने आणलेल्या यंत्रांची गोष्ट निराळी. मागे व्होल्टेजचा सिलेक्टर नसेल तर १२० व्होल्टला स्टेप-डाउन लागणारच, तोही पुरेशा वॅटचा. पण त्याने सगळं सुटत नाही. स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो; तिथली ६० हर्ट्झ आणि इथली ५० हर्ट्झ ही तफावत तशीच राहते. सिंक्रोनस मोटरचा जुना टर्नटेबल मग मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २८ फेरे घेतो, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारच्या आसपास उतरतात. मोटर ठणठणीत असते. बदलायची असते ती पुली.

दुकानात देताना सीरियल नंबर आणि मागच्या बाजूचा फोटो घ्यावा, काढलेले जुने पार्ट परत मागावेत. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीची नक्कल जगभर विकली जाते. छपाई हुबेहूब असते, लोड आला की जळते. परत घेताना दोन मिनिटं वाजवून समाधान मानू नये. काही दोष हीटसिंक तापल्यावरच उघडे पडतात, तेव्हा तासभर तरी तिथेच वाजू द्यावा.