पैसे दिले, पण पुस्तक कुणाचं?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या अनेक वाचकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या रातोरात नाहीशा झाल्या : ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. रीतसर पैसे भरून घेतलेली पुस्तकं होती ती. ज्या प्रकाशकाने ती ॲमेझॉनच्या दुकानात ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते. ते लक्षात आल्यावर कंपनीने पैसे परत केले आणि दुरूनच पुस्तकं पुसून टाकली. मिशिगनमधला एक शाळकरी मुलगा ‘१९८४’वर अभ्यासाची टिपणं काढत होता. पुस्तकच गेल्यामुळे ती टिपणं निरुपयोगी झाली आणि त्याने खटला भरला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, खटल्यात तडजोड झाली.

किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून मिळू लागली. आता फोनवर वाचणारा मोठा मराठी वर्ग आहे आणि असं काही घडलं की त्याचाही संताप होतो. तो रास्तच आहे. पण राग बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जातो. कुणी कॉपीराइट कायद्याला बोल लावतो, कुणी लेखक-प्रकाशकाला, आणि बरेच जण ‘आपल्या हातात काय आहे?’ म्हणून गप्प बसतात. या प्रत्येकामागे एकेक गैरसमज आहे.

गैरसमज : ‘विकत घ्या’ दाबलं, पैसे कापले गेले, म्हणजे पुस्तक माझं झालं.

किंडलच्या दुकानाच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं आहे, की ग्राहकाला मजकूर विकला जात नाही, वाचण्याचा परवाना दिला जातो. बहुतेक मोठ्या डिजिटल दुकानांची हीच रीत आहे. परवाना देणाऱ्याचं दुकान बंद झालं किंवा मूळ मालकाशी असलेला करार संपला, की तुमच्या कपाटातली वस्तू उचलली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांची सगळी पुस्तकं उघडेनाशी झाली. कंपनीने पूर्ण पैसे परत दिले आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. पैशाचा हिशेब चोख झाला, तरी वाचकाला हवं होतं ते पुस्तक. २०२३च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं, की तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम वर्षअखेरीस काढून टाकले जातील. ओरड झाल्यावर नवा करार झाला आणि तो निर्णय फिरवला गेला.

कॅलिफोर्नियाने यावर एक साधा, नेमका कायदा केला. १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल माल विकताना ‘विकत घ्या’ असं म्हणायचं असेल, तर तुम्हाला फक्त परवाना मिळतो आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगावं लागतं. जी फाइल कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येते तिला यातून सूट आहे. खेळांचं मोठं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने २०२४च्या ऑक्टोबरमध्येच अशी सूचना लावायला सुरुवात केली. माझ्या मते आपल्याकडे हा नियम आजच हवा. दुकानदाराने काय विकतो ते खरं सांगावं, एवढीच मागणी आहे त्यात.

सगळाच डिजिटल माल असा कुलूपबंद नसतो, हेही सांगायला हवं. ॲपलने आयट्यून्सवरच्या गाण्यांची कुलपं २००७ मध्येच काढायला घेतली. काही प्रकाशक मुद्दाम बिनकुलपाच्या फाइल विकतात. अशी फाइल आपल्या संगणकावर उतरवून ठेवली, की दुकान बुडालं तरी ती राहते. उलट किंडलवर पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जी सोय होती, ती ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद केली. तेव्हा विकत घेण्याआधी एवढंच पाहावं : फाइल उतरवता येते का, आणि ती दुसऱ्या ॲपमध्ये उघडते का?

गैरसमज : हे सगळं कॉपीराइट कायद्यामुळे होतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठा घोळ हाच आहे. छापील पुस्तकाच्या बाबतीत कॉपीराइट कायदा गेली शंभर वर्षं वाचकाच्या बाजूने उभा आहे. १९०४ मध्ये अमेरिकेत ‘द कास्टअवे’ नावाची कादंबरी निघाली. प्रकाशकाने आत छापलं होतं, की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकाल तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८ मध्ये निकाल दुकानाच्या बाजूने लागला : प्रत एकदा विकली, की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपला. पुस्तकात कोणतीही सूचना छापून तो पुढे ओढता येत नाही.

आपल्या १९५७च्या कायद्याचं कलम १४ हेच सांगतं. प्रती लोकांसमोर आणण्याचा हक्क लेखकाचा, पण जी प्रत एकदा विकली गेली ती ‘आधीच प्रसारात असलेली’ मानली जाते आणि तिच्यावर तो हक्क चालत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा व्यवहार आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरचे ढीग याच तत्त्वावर उभे आहेत. पुस्तक वाचून शेजारणीला देणं किंवा वाचनालयाला भेट देणं याला कुणाची परवानगी लागत नाही.

१९०८च्या प्रकाशकाला जी अट पुस्तकात छापून लादता आली नाही, ती आजच्या कंपन्यांनी करार आणि कुलूप यांच्या जोरावर लादली. ‘मान्य आहे’ या बटणामागे करार असतो आणि फाइलवर सॉफ्टवेअरचं कुलूप. माल ‘विकला’ असं म्हटलंच नाही, तर विक्रीनंतर मिळणारे हक्कही द्यावे लागत नाहीत. ही युक्ती कंपन्यांच्या वकिलांची आहे. तिचं खापर लेखकाच्या डोक्यावर फोडणं अन्यायाचं आहे, कारण त्या अटींवर लेखकाला कुणी विचारलेलं नसतं.

गैरसमज : जुनं पुस्तक विकता येतं, तशी जुनी फाइलही विकता येईल.

अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने हे करून पाहिलं. आयट्यून्सवर घेतलेलं गाणं ती विकणाऱ्याच्या संगणकावरून काढून घ्यायची आणि दुसऱ्याला द्यायची. न्यायालयाने २०१८ मध्ये अपिलातही नकार दिला. कारण तांत्रिक असलं तरी समजून घेण्याजोगं आहे : कागदाचं पुस्तक हातातून हातात जातं, फाइल पाठवताना मात्र दुसरीकडे तिची नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क विक्रीने संपत नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये जुनं सॉफ्टवेअर विकायला मोकळीक दिली होती, पण २०१९च्या डिसेंबरमध्ये ‘टॉम कॅबिनेट’ या डच कंपनीच्या खटल्यात ई-पुस्तकांना ती नाकारली.

गैरसमज : हॉलिवूड अभिनेता ब्रूस विलिसने आपली गाणी मुलींच्या नावे करण्यासाठी ॲपलवर खटला भरला.

२०१२ मध्ये जगभर छापली गेलेली ही बातमी खोटी होती. त्याच्या पत्नीने लगेच तसं जाहीर केलं. प्रश्न मात्र खरा आहे. बऱ्याच दुकानांच्या अटींनुसार खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, त्यामुळे वडिलांच्या कपाटातली पुस्तकं मुलांकडे येतात तशी त्यांच्या खात्यातली पुस्तकं येत नाहीत.

गैरसमज : डिजिटल कुलूप उघडणं म्हणजे गुन्हाच.

अमेरिकेत ते बव्हंशी बेकायदा आहे. तिथल्या १९९८च्या कायद्यानुसार हेतू कितीही निर्मळ असला तरी कुलूप तोडण्याला बंदी आहे, आणि सवलती दर तीन वर्षांनी नव्याने मागाव्या लागतात. ई-पुस्तक मोठ्याने वाचून घेता यावं यासाठी अंध वाचकांच्या संघटनांना पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले आहेत. हे वाचताना मन विषण्ण होतं.

भारताने २०१२ मध्ये कायद्यात कलम ६५-अ घातलं तेव्हा ती वाट धरली नाही. आपल्याकडे कुलूप तोडणं गुन्हा ठरतं ते हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडलं तर हे कलम आड येत नाही. याच दुरुस्तीत दिव्यांग वाचकांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक तयार करण्याची मुभा आली. अंध वाचकांसाठीचा माराकेश करार मान्य करणारा जगातला पहिला देश भारतच, २०१४ मध्ये. इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक अमेरिकी कायद्याचे असतात आणि आपण ते आपल्याला लावून घेतो. कंपनीशी केलेल्या कराराची गोष्ट वेगळी. तो मोडला म्हणून कंपनी तुमचं खातं बंद करू शकते.

गैरसमज : मी विकत घेतलं आहे, मग पीडीएफ गटात टाकली तर काय बिघडलं?

आता आपली चूक. स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी, परीक्षणासाठी मजकुराचा रास्त वापर कलम ५२ मान्य करतं. शेकडो लोकांच्या व्हॉट्सॲप गटात अख्खं पुस्तक टाकणं त्यात बसत नाही. खाली लेखकाचं नाव दिलं किंवा ‘केवळ प्रसारासाठी’ असं लिहिलं तरी बसत नाही. हा फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय कारण नोंदवून ती कमी करू शकतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा हजारभर प्रतींची असते. तिथे एक फिरती पीडीएफ लेखकाचं किती नुकसान करते, हे प्रत्येक मराठी वाचकाने मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांना मोफत वाचायचं आणि वाटायचं आहे त्यांच्यासाठी कायद्याने मोठं दालन उघडं ठेवलं आहे. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११पासून सगळ्यांची झाली. ऑर्वेल त्याच वर्षी जानेवारीत गेले. त्यामुळे ज्या ‘१९८४’वरून अमेरिकेत एवढं रामायण झालं, ती मूळ इंग्रजी कादंबरी भारतात त्याच तारखेपासून मुक्त आहे, अमेरिकेत तिच्यावरचा हक्क २०४४ संपेपर्यंत राहील. वि. स. खांडेकरांच्या पुस्तकांना २०३६च्या अखेरपर्यंत आणि पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांना २०६०च्या अखेरपर्यंत थांबावं लागेल. मुक्त पुस्तकाचा नवा अनुवाद, नवी प्रस्तावना किंवा नवी चित्रं यांचा हक्क मात्र वेगळा असतो.

गैरसमज : अटी मान्य केल्या, कंपनी परदेशातली, आता काही होत नाही.

कंपन्यांच्या सगळ्यात जास्त फायद्याचा गैरसमज हा. २०२०चे ई-कॉमर्स नियम डिजिटल मालालाही लागू आहेत, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो. म्हणून ग्राहक सेवेच्या चॅटवर यंत्राशी तासन्‌तास बोलत बसण्यापेक्षा या अधिकाऱ्याचा पत्ता शोधून लेखी तक्रार करावी आणि पोच जपून ठेवावी. दुसरी वाट राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची, क्रमांक १९१५. ती आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा करते.

तरी दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. ‘वाद अमुक शहरातच चालेल’ किंवा ‘लवादाकडेच जावं लागेल’ या अटी वाचून लोक हबकतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. सांगलीच्या ग्राहकाला बंगळुरूला जावं लागत नाही. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ मध्ये सांगितलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, म्हणून पुस्तक कधी नाहीसं झालं ती तारीख, खरेदीची पावती आणि कंपनीचे ईमेल एकत्र ठेवावेत.

अटींवरच आक्षेप असेल, तर त्यालाही जागा आहे. याच कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आणली. वाजवी कारणाशिवाय एकाच बाजूला करार संपवता येईल अशी अट, किंवा ग्राहकाला नुकसानीत टाकणारी अवाजवी अट, तिच्यात मोडते. ही तक्रार जिल्ह्यात चालत नाही. महाराष्ट्रात ती मुंबईच्या राज्य आयोगाकडे, गोव्यात पणजीच्या राज्य आयोगाकडे न्यावी लागते. अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कलम ४९ने आयोगाला दिला आहे. आणि ती अट मान्य करणारं बटण तुम्ही स्वतः दाबलं होतं, एवढ्यावरून तो अधिकार जात नाही.