राष्ट्रगीत, ध्वज आणि दंडाचा हिशेब

राष्ट्रगीत चालू असताना निषेध म्हणून कोणी खाली बसून राहिले, तर तो गुन्हा होतो काय? नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रश्न मला विचारला. त्याच्या गावात ध्वजवंदनाचा चौक वेगळा आणि त्याची वस्ती वेगळी. उत्तर देताना मला 1972 पर्यंत मागे जावे लागले.

ते स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे वर्ष. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी त्याच वर्षी दलित स्त्रियांना विवस्त्र करण्यात आले होते. 15 ऑगस्टच्या 'साधना' अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला आणि दोन दंड शेजारी ठेवले. दलित स्त्रीचे लुगडे फेडले तर 50 रुपये, ध्वजाचा अपमान केला तर 300. वादळ उठले ते ध्वजाविषयीच्या जळजळीत शब्दांवरून. दुर्गा भागवतांसारख्या लेखिकेनेही हरकत घेतली. दंडाचा हिशेब मात्र कोणी खोडून काढला नाही!

राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा तेव्हा नवाच, 1971 चा होता. त्यात ध्वजाच्या कलमालाच स्पष्टीकरण जोडलेले आहे: कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी संविधानावर, ध्वजावर किंवा सरकारी धोरणावर टीका करणे हा गुन्हा नव्हे. कलम 3 राष्ट्रगीताचे. गाणे बुद्ध्या रोखणे किंवा गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे, एवढ्यालाच त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत. उभे न राहणाऱ्याचा उल्लेख त्यात नाही.

केरळातल्या तीन मुलांना शाळेतून काढून टाकले होते. ती उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. पण ती उभी तरी राहत होती. बसून राहणाऱ्याचे काय? जम्मूतल्या एका कॉलेज-अध्यापकावर याच कलमाखाली गुन्हा नोंदला गेला, तो तिथल्या उच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्द केला. उभे न राहणे हा अनादर ठरू शकेल, मूलभूत कर्तव्याचा भंगही ठरू शकेल, पण कलम 3 चा गुन्हा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन घालता येईल अशी कारणे संविधानाच्या कलम 19(2) मध्ये मोजून दिली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था त्यात आहे, बहुसंख्यांच्या दुखावलेल्या भावना नाहीत.

मी त्या विद्यार्थ्याला हेही सांगितले की निकाल लागेपर्यंत माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे राष्ट्रगीत चालू असताना टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळ्या हातमोज्यातली मूठ उंचावली. त्यांना स्पर्धेतून घरी धाडण्यात आले. कुठल्याही कोर्टाने त्यांना दोषी ठरवले नव्हते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. 1972 मध्ये स्त्रीच्या विनयभंगाला भारतीय दंड संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद 'किंवा' दंड होता. त्या 'किंवा'मुळे आरोपी नुसत्या दंडावर सुटू शकत असे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला विवस्त्र करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला तो 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, किमान सहा महिने कैदेसह. ढाले यांच्या लेखानंतर सतरा वर्षांनी.