वजन उतरले, पण ताकद?

काट्यावर आठ किलो कमी दिसले की घरात आनंद होतो. कपडे सैल होतात, साखर आटोक्यात येते. पण सजद्यातून उठताना पूर्वी न लागणारा हाताचा आधार आता लागत असेल, जिना चढताना मांड्या थरथरत असतील, तर चरबीबरोबर स्नायूही घटले नाहीत ना, हे पाहायला हवे.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने २०२५ पासून वजन कमी करण्यासाठी भारतात मिळू लागली. त्यांच्यामुळे भूक मंदावते आणि पोट लवकर भरते. जेवण फार घटले की शरीर चरबी वापरते, तसेच स्नायूही मोडते. कोणत्याही कडक डाएटमध्ये हेच घडते.

सेमाग्लुटाइडची एक मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरले. ज्या १४० जणांच्या शरीराचे स्कॅन केले, त्यांच्या घटलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबी सोडून इतर भागाचा होता. त्यात पाणी आणि अवयवही धरलेले असतात; तरीही स्नायूंची घट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. रक्तातली साखर वापरणारे आणि उतारवयात पडण्यापासून वाचवणारे स्नायूच असतात. शिवाय इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचे दिसले. चरबी सहज परत येते. स्नायूंसाठी मेहनत करावी लागते.

म्हणून भूक कमी असली तरी ताटात आधी अंडे, मासे, चिकन, डाळ किंवा दही घ्यावे, भात-रोटी नंतर. किडनीचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यावीत, हे डॉक्टरांना विचारावे. नुसते चालणे पुरेसे नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून उठबस करावी, भिंतीला हात टेकून जोर काढावेत, पाण्याच्या बाटल्या उचलाव्यात.

रमजानपूर्वी डॉक्टरांना जरूर भेटावे. सोबत इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील तर रोजात साखर फार खाली जाऊ शकते. उलट्या-जुलाब होत असतील तर शरीरातले पाणी कमी होते. सहरी चहा-पावावर उरकू नये.

शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. दर महिन्याला काटा जरूर पाहा. पण खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठता येते का, हेही पाहा.